राहीची घागर

पाहुणं, वेशीबाहेरची ही टेकडी चमकते ती अभ्रकानं नव्हे. जपून चढा, वहाणा काढू नका. आमच्या गोंदेवाडीत घंटागाडी येते, ओला-सुका कचरा नेते. पण काच, सुई, ब्लेड, टोचेल ते काहीही तिच्यात कुणी टाकत नाही. त्यासाठी घरोघरी फुटक्या तोंडाची एक घागर असते. तिला राहीची घागर म्हणतात.

राही म्हणे इथल्याच एका घरची थोरली सून. धाकट्या जावेवर, येसूवर, तिचा लेकीसारखा जीव. येसूचा नवरा पटकीत गेला. मूल नाही, बाळ नाही. मागं उरली ती त्यानं वासरापासून वाढवलेली गाय, चांदी. धनी गेल्यापासून चांदीनं चाऱ्याला तोंड लावलं नाही, आणि ती खाईना म्हणून येसूही खाईना. दोघी जातात की काय, अशी राहीला धास्ती पडली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि रिवाजाप्रमाणे परसात येसूच्या बांगड्या फोडल्या. ते हिरवे तुकडे पोरीच्या नजरेला पडू नयेत म्हणून राहीनं घाईघाईनं झाडून घेतले आणि पाटीतल्या दोडक्याच्या सालींखाली दडवले. मागाहून उकिरड्यावर नेऊ, म्हणाली. आल्यागेल्यांच्या गर्दीत विसरली आणि सवयीनं तीच पाटी गाईपुढं ठेवली. काय म्हणावं माणसाच्या मायेला!

तिन्हीसांजेला येसू धावत आली. "अक्का, चांदीनं खाल्लं! अख्खी पाटी चाटूनपुसून!" तीन दिवसांत पहिल्यांदा हसली ती. भाकरी मोडून घास तोंडात घातला. राहीला मात्र तेव्हा सालींखालचे तुकडे आठवले.

दोन दिवसांनी चांदी गेली, तोंडातून रक्त येऊन. राहीनं जावेचे पाय धरले, सगळं सांगितलं. येसू भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, पाटीत एकदा हात फिरवायचास गं." पुढं तिनं अन्न घेतलंच नाही. महिन्याच्या आत तीही गेली.

चांदीला या टेकडीवर पुरलं होतं. राही उरलेला जन्म घागर घेऊन दारोदार फिरली, असं सांगतात. प्रत्येकीच्या केरात उघडा हात घालायची, टोचेल ते वेचून इथं आणून टाकायची. तळहाताची चाळण झाली, पण फडकं बांधलं नाही.

आजही इथं कुणाच्या बांगड्या फोडत नाहीत; अख्ख्या उतरवून घागरीत ठेवतात. ग्रामसेवक म्हणतात, कचऱ्यात हात घालताना हातमोजे घाला. घालतात हो बायका. पण हात फिरवून झाला की राही म्हणायची तेच म्हणतात, कालची नवी सूनसुद्धा म्हणते: "येसू, फिरवला गं हात."