ठिगळाचं माप

“मग बाबा, घर गहाण टाकून किती उचलू? दोन लाख की पाच?”

ढोबळे मास्तरांनी हे विचारलं तेव्हा मी तिथंच होते. शेजारधर्म म्हणून सोबत गेले, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर ऐकायचं होतं.

नूरशा बाबा आपल्या तकियात, म्हणजे फकिराच्या त्या मठीत, लिंबाखाली, फाटकी कफनी मांडीवर घेऊन बसले होते. हातात सुई. मास्तर वीस वर्षं त्यांच्याकडे येतात, पण अजूनही खाली बसायच्या आधी रुमाल अंथरतात.

“कशाला हवेत?”

“सिंधूच्या पोटाचं ऑपरेशन आहे, सोमवारी. सावकार आज संध्याकाळी कागद घेऊन येतोय.”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, घर जाणार असेल तर मला नकोच ऑपरेशन...”

“खर्च किती?”

“ते कोण सांगणार, बाबा!”

“डॉक्टर.”

मास्तर रुमालाची कड सारखी करू लागले.

“विचारलंस?”

“बायकोच्या जिवाची घासाघीस करू? मी त्यांना ठणकावून सांगितलं, पैशाची काळजी तुम्ही करू नका.”

“आणि हे पाच कुठून आले?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पदर नीट करत बसले. माझ्या दिराच्या दवाखान्याच्या बिलाची गोष्ट मीच त्यांच्या ओट्यावर बसून सांगितली होती. पहिल्यांदा सांगितली तेव्हा दोन लाख होते. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत पाच झाले. सिंधू आतून ऐकत होती, हेही मला माहीत होतं...

बाबांनी शेजारचं कापड आणि कात्री मास्तरांपुढे सरकवली.

“ठिगळ काप.”

मास्तरांनी कात्री उचलली. “केवढं?”

बाबा सुईत दोरा ओवू लागले.

“केवढं कापू, बाबा?”

बाबांनी दोऱ्याला गाठ मारली.

“अहो, भोक दाखवा तरी! न बघता कसं कापणार?”

बाबांनी कफनीची घडी घातली. भोक आत गेलं. घडी त्यांनी पोटाशी घट्ट धरली.

मास्तरांच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. त्यांचे कान लाल झाले होते. माझे तर आधीच झाले होते.

बाबांनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली.

“या बाईला विचार.”