ओली मिशी

बाहुल्या आपल्या मालकाशी बोलत असत, त्या काळी बाबल नावाचा एक बाहुलीवाला होता. तो वर्षभर लाकूड कोरून एक नवा राक्षस घडवी आणि जत्रेत राजपुत्राच्या हातून त्याला मारवी. यंदाचा राक्षस कसा असेल, यावर गावात महिनोन्‌महिने पैजा लागत.

एका वर्षी टाळ्या फारच पडल्या. मग बाबल दर बाजाराच्या दिवशी खेळ लावू लागला. आठवड्यात नवा राक्षस कोरून होईना, म्हणून तो जुन्याचीच मिशी रंगवी आणि ‘नवा राक्षस’ अशी दवंडी पिटी.

शेवटी राक्षस भडकला. "गेल्या बाजारी मी लाल मिशीने मेलो, त्याआधी हिरव्या. मरायला माझी ना नाही, त्यासाठीच तू मला घडवलंस. पण लोकांना माझी जरा वाट तरी बघू दे. निदान हा रंग तरी वाळू दे."

"लोक येतात ना? मग झालं तर," म्हणत बाबलने त्याला तसंच पडद्यापुढे सोडलं.

राजपुत्राची तलवार ओल्या मिशीला चिकटली. बाबलने दोऱ्या ओढल्या, तसा राजपुत्रच आडवा झाला आणि राक्षस त्याच्या छातीवर उभा राहिला. आता लोक दगड मारणार, या धास्तीने बाबलने डोकावून पाहिलं. लोक राक्षस मरायच्या नेहमीच्या वेळी टाळ्या वाजवून, गोणपाटं झटकून घरी निघाले होते.

"आज मी जिंकलो, बाबल," राक्षस म्हणाला. "जा, कुणाला तरी सांग."