भुतांचा नवा पत्ता

गावाचा एक कोटीचा निधी परत गेला, त्याला जबाबदार माझे आजोबा, तातू घाडी.

आमचं गाव दर तीन वर्षांनी तीन दिवस कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर राहायला जातं. ते तीन दिवस गाव भुतांचं. पर्यटन खात्याचे एक साहेब देवळात येऊन म्हणाले, "आयर्लंडात केल्टिक लोकांचा असाच सण होता. त्याचा हॅलोविन झाला, सरकारने पैसा ओतला, आता जग बघायला येतं. तुम्ही बाहेर गेलात की आम्ही पाचशे पर्यटक आत आणू. आजच सह्या करा, कोटीचा निधी तुमचा."

आमची म्हातारी मंडळी साहेब दिसला की मान डोलावते. आताही तेच झालं. प्रथा बुडाली तरी यांना चालणार होतं!

आजोबा उठले. "सायबानू, पाचशे माणसा हंय इली तर भुता ऱ्हवतली खंय?"

"जातील कुठेतरी!" साहेब हसले.

"ती रिकामा घर बघतत. तुमी उद्घाटनाक बायकोपोरा घेवन येतलास मा? मगे तुमचो पत्तो सांगा."

साहेबांनी गंमत म्हणून ठाण्याचा फ्लॅट सांगितला. आजोबांनी नारळ उचलून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, गावची समस्त भुता तीन दिस ठाण्याक, चौथ्या माळ्यार, ह्या सायबांच्या घरात सुखान नांदांदेत!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हातारे सवयीने एका सुरात ओरडले.

साहेबांनी फाईल बगलेत मारली आणि नारळ फुटायच्या आत गाडी गाठली.

त्या निधीतून आजोबांच्या दारापर्यंत रस्ता होणार होता. ऐंशीव्या वर्षी ते रेशन डोक्यावर घेऊन दीडशे पायऱ्या चढतात.