केस येईतोवरच्या वशाची कहाणी

ऐक माळाई, तुझ्या लेकीची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला वेस होती, वेशीबाहेर माळावर माळाईचं देऊळ होतं, पुढं ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे केरबा शिंप्याचं घर होतं. केरबाच्या बायकोचं नाव द्वारका. त्यांना एकच लेक, मैना, ती ओढ्यापलीकडच्या वाडीत दिली होती. द्वारका बोलायला मऊ, कामाला उरकाची, आणि केस असे की न्हायल्या दिवशी शेजारणी म्हणायच्या, "द्वारके, तुझे केस वाळेतोवर आमचा सगळा स्वयंपाक होतो."

मग काय झालं? एके दिवशी अंघोळ करताना द्वारकेच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. मग गाठ वाढली, तेव्हा नवऱ्याला सांगितलं. केरबानं मशीनवर कापड झाकलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, कॅन्सर म्हणाले. मग डावा स्तन काढला. मग शिरेतून औषध दिलं. मग किरणांचा शेक दिला. औषधानं तोंडाची चव गेली, नखं काळी पडली, केस गेले. आधी उशीवर गेले, मग फणीत गेले, मग नुसता हात फिरवला तरी ओंजळीत आले. भुवयासुद्धा गेल्या. द्वारकेनं सगळं सोसलं. रडायची ती मोरीत रडायची, आणि बाहेर आली की म्हणायची, "पाणी फार गार होतं."

केरबा कमी बोलणारा माणूस. त्यानं तिची चोळी उसवली, आत डाव्या बाजूला कापसाची छोटी गादी शिवली, आणि चोळी दोरीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तिनं ती घातली. चोळी अंगाला बसली.

मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "द्वारकाबाई, औषध संपलं. आता घरी जा, खा-प्या, हिंडा-फिरा. दिलेल्या तारखेला तेवढं दाखवून जात जा." बाई घरी आली. घरी आली ती हसत यावी, माळाईची ओटी भरावी, लेकीकडे जाऊन चार दिवस राहावं. तसं तिनं केलं नाही. तिनं आरशात पाहिलं. आरसा भिंतीकडे फिरवला. मग माळाईला हात जोडले आणि म्हणाली, "आई, माझे केस पाठीवर येतील तेव्हा तुझी खणानारळानं ओटी भरीन. तोवर कुणाच्या हळदीकुंकवाला जाणार नाही, कुणाच्या कार्यात बसणार नाही, कुणाची ओटी भरणार नाही. हा माझा वसा."

वसा कसला? मनात लाज होती आणि लाजेच्या मागं भीती होती. त्या दोघींना तिनं वशाचं लुगडं नेसवलं.

मग केस यायला लागले. आधी लव आली. मग बोट फिरवलं तर टोचेल इतके आले. मग वळायला लागले. पहिले केस काळे आणि सरळ होते, हे पांढुरके आणि कोकराच्या लोकरीसारखे कुरळे. द्वारका म्हणायची, "हे माझे नव्हेत. कुणाचे तरी माझ्या डोईवर आलेत." शेजारणींनी सांगितलं, माका लाव. तिनं माका लावला. जास्वंद लाव. जास्वंद लावली. कांद्याचा रस लाव. तोही लावला. घरभर वास सुटला. केरबा कात्री चालवता चालवता म्हणाला, "गिऱ्हाईक विचारत होतं, शिंपीदादा, तुमच्याकडं रोज भजी असतात काय?" द्वारका बऱ्याच दिवसांनी हसली. पण घराबाहेर पडली नाही.

चैत्र आला. शेजारची गोदाकाकू हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली. द्वारका दाराआडून म्हणाली, "माझा वसा आहे." गोदाकाकू गेली. मग एक म्हातारी दारात आली. अंगावर शेंदरी लुगडं, डोई उघडी, आणि डोईवर एक केस नाही. म्हणाली, "शिंपिणी, माझ्या डोईला तेल लाव." द्वारकेला ती डोई बघवेना. म्हणाली, "आजी, माझा वसा आहे, पुढं जा." म्हातारी गेली.

श्रावण आला. पोरींनी झोपाळे बांधले, सासुरवाशिणी माहेरी आल्या. मैनानं निरोप धाडला, "आई, मला न्यायला ये." द्वारकेनं उलट निरोप धाडला, "वसा आहे, बाबांबरोबर ये." मैना रुसली, आलीच नाही. मग तीच म्हातारी दारात आली. "शिंपिणी, मला कुंकू लाव." द्वारका म्हणाली, "आजी, करंडा बंद आहे, पुढं जा." म्हातारी गेली.

कार्तिक आला. मैना स्वतःच आली. पोट दिसत होतं, सातवा महिना लागला होता. ओसरीवर बसली, घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, मंगळवारी माझी ओटी भरायची आहे. पहिली ओटी आईनं भरायची असते."

द्वारका म्हणाली, "बाळा, माझे केस येऊ देत."

"किती यायचेत अजून?"

"पाठीवर."

मैना म्हणाली, "माझं पोर तुझ्या केसांसाठी पोटात थांबणार आहे का गं?"

द्वारकेनं पदर डोईवर ओढला. मग हळूच म्हणाली, "मैना, केसांचं निमित्त. मला रोग झाला होता. असला हात तुझ्या ओटीत घालायला मला भ्या वाटतं. माझं दुखणं तुझ्या पदरात पडलं तर?"

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. शिवल्यानं होत नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय, डॉक्टर बाप्या माणूस. त्याला ओटीतलं काय कळतं?"

मैना उठली. म्हणाली, "मी पाटावर बसीन. पदर पसरीन. तू आली नाहीस तर रिकामा पदर घेऊन उठीन, दुसरीच्या हातून भरून घेणार नाही. माझाही वसा." आणि चपला घालून निघून गेली. केरबा तिला ओढ्यापर्यंत पोचवायला गेला.

द्वारका अंगणात बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं. तिसऱ्यांदा ती म्हातारी आली. अंगणातल्या अबोलीकडं बोट दाखवून म्हणाली, "शिंपिणी, माझ्या डोईत फूल माळ."

द्वारका म्हणाली, "आजी, तुला केस नाहीत. फूल कुठं खोवू?"

म्हातारी म्हणाली, "ते तू बघ. मागणं माझं, माळणं तुझं." आणि तिच्यापुढं पाठ करून बसली.

आता द्वारकेला पुढं जा म्हणवेना. तिनं अबोलीची फुलं खुडली. एक फूल डोईवर ठेवलं, घसरलं. दुसरं ठेवलं, घसरलं. मग तिला आठवलं, देवळात गुरव कौल लावतो तेव्हा काय करतो. पाण्यात बोट बुडवतो, कळी ओली करतो आणि पाषाणाला चिकटवतो. तिनं तांब्यातलं पाणी घेतलं, म्हातारीच्या डोईवर ओला हात फिरवला. डोई ऊन होती, उन्हातल्या धोंड्यासारखी. हात फिरवता फिरवता तिला वाटलं, किती दिवसांत आपण कुणाच्या डोईला हात लावला नाही. फूल ओलं करून चिकटवलं, राहिलं. दुसरं चिकटवलं, राहिलं. सगळी डोई अबोलीनं भरून गेली.

म्हातारी म्हणाली, "कशी दिसते?"

द्वारका म्हणाली, "देवासारखी दिसतेस आजी." म्हणाली आणि थांबली. माळावरच्या देवळात माळाई आहे ती अशीच. तिला नाक नाही, डोळे नाहीत, केस नाहीत, ऊर नाही. नुसता शेंदूर माखलेला गोल धोंडा, तांदळा. सगळं नगर तिला आई म्हणतं, सगळं नगर तिला फुलं माळतं. द्वारकेनं म्हातारीचे पाय धरले.

माळाई म्हणाली, "उठ. मी तुला कधी म्हटलं होतं का, केस घेऊन ये म्हणून?"

"नाही आई. माझा वसा होता."

"तुझा वसा मला पोचलाच नाही गं. तू आरशाला नवस बोललीस, आरशानं तो ठेवून घेतला."

द्वारका म्हणाली, "आई, एक विचारू? दुखणं परत येईल का?"

माळाईनं डोईवरचं एक फूल चाचपलं. मग म्हणाली, "ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. मला रोज फुलं चिकटवतात, ती वाळतात आणि पडतात. पडतील म्हणून गुरवानं एक दिवस तरी मला बोडकी ठेवलीय का?"

द्वारकेच्या डोळ्यांतून पाणी आलं. या खेपेला ती मोरीत गेली नाही. मग म्हणाली, "आई, मला खरा वसा सांग."

"सांगते, पण घेशील आणि टाकशील."

"घेईन तो धरून ठेवीन. ताठणार नाही, कंटाळणार नाही."

मग माळाईनं वसा सांगितला. हा वसा कधी घ्यावा? दवाखान्याचं औषध संपलं की घ्यावा, शुभ दिवस बघू नये. काय करावं? डोईवर असतील तेवढ्या केसांना, नसतील तर नुसत्या कातड्याला, दुसऱ्या बाईकडून तेल लावून घ्यावं. मग आपण एका बाईला लावावं. आरसा सुलटा करावा, त्यात दिसेल तिला कुंकू लावावं. बोलावलं तर जावं. डोई झाकावीशी वाटली तर झाकावी, नाही वाटली तर उघडी ठेवावी, दोन्हींत दोष नाही. दमलं तर मी दमले म्हणावं आणि बसावं. डॉक्टरांची तारीख चुकवू नये. भय वाटलं तर एकटीनं गिळू नये, घरात सांगावं. याचं उद्यापन कधी? याला उद्यापन नाही. श्वास आहे तोवर चालतो.

इतकं सांगून म्हातारी उठली, माळाच्या वाटेला लागली. फुलं डोईवर तशीच होती.

केरबा परत आला. द्वारकेनं तेलाची वाटी त्याच्यापुढं ठेवली. म्हणाली, "दुसऱ्या बाईकडून लावायचं असतं, पण आज घरात तुम्हीच आहात." केरबानं हात पुसले, तेल घेतलं, त्या कुरळ्या केसांत बोटं घातली. म्हणाला, "चांगले आहेत गं. मऊ आहेत." एवढंच म्हणाला. मग तिनं आरसा सुलटा केला, कुंकू लावलं, माळाईकडे जाऊन खणानारळानं ओटी भरून आली.

मंगळवार आला. द्वारका नेसली. कापसाची गादी शिवलेली चोळी हातात घेतली, मग ठेवून दिली. म्हणाली, "आज साधीच घालते. उकडतं त्यात." आणि डोई न झाकता नवऱ्याबरोबर ओढा ओलांडून वाडीला गेली.

मैनाच्या घरी बायका जमल्या होत्या. मैना पाटावर बसली होती, हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, पदर पसरलेला. द्वारका आत आली तशा सगळ्यांच्या नजरा तिच्या डोईवर गेल्या. मैनाची सासू जिभेची तिखट. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "विहीणबाई, केस कुरळे करून आणलेत होय? आम्हाला सांगायचं होतं, आम्हीही आलो असतो."

द्वारका म्हणाली, "महाग पडतात हो. तुम्ही नका आणू."

दोघीचौघी हसल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून एक चुलत सासू म्हणाली, "हसण्यावारी नेऊ नका. दुखण्यातून उठलेला हात. पोटुशी पोर आहे. आधी दुसरीनं भरावी, मग आईनं भरावी."

द्वारका ओटीचं सूप हातात धरून होती तिथंच थांबली. हेच तिचं भय होतं, ते आता दुसऱ्याच्या तोंडून घरात बोललं गेलं. पाय मागं फिरायला बघत होते. तिनं लेकीकडं बघितलं. मैनानं पदर आणखी पसरला.

मग द्वारका म्हणाली, "काकू, मलाही तसंच वाटत होतं. भ्यायले होते मी. पण ही पोर याच हातांनी मी न्हाऊ घातली, याच हातांनी भरवली. हात तोच आहे. दुखणं माझं होतं, ते मी भोगलं. तिच्यासाठी आणलं आहे ते या सुपात आहे, दुसरं काही नाही."

सगळ्या बायका मैनाच्या सासूकडं बघायला लागल्या. विहीण म्हणाली, "माझ्या घरात कुणाचा हात चांगला ते मी ठरवते. भरा हो. पोरीचे पाय अवघडले."

द्वारकेनं लेकीला कुंकू लावलं. मग तांदूळ घातले, नारळ घातला, हळकुंड, सुपारी, खारीक घातली, फळं घातली, खण ठेवला. पदर जड झाला. मग बाकीच्या बायका एकेक करून पुढं आल्या. चुलत सासू सगळ्यांत शेवटी आली, पण आली.

उभं राहून राहून द्वारकेच्या पायांतलं बळ गेलं. पूर्वी ती तशीच उभी राहिली असती. आता म्हणाली, "मी दमले गं बायांनो," आणि भिंतीला टेकून बसली. कुणी पाणी दिलं, कुणी वारा घातला. मैना पाटावरून उठली, भरला पदर सावरत आईजवळ आली आणि लहानपणी टेकायची तशी टेकली. डावं अंग मोकळं होतं, तिथं डोकं ठेवलं. द्वारकेनं आधी अंग चोरलं, मग चोरलं नाही.

मैना म्हणाली, "आई, तुझं काळीज पहिल्यापेक्षा जवळ ऐकू येतं."

द्वारका म्हणाली, "ऐक. चाललंय ते."

माळाई जशी द्वारकेच्या दारी तीन वेळा आली आणि पुढं जा म्हटलं तरी पुन्हा आली, तशी तुमच्याआमच्या दारी येवो. ज्या बायकांचे केस गेले त्यांच्या डोईवर तेलाचा हात फिरो, ज्यांच्या मनात भय आहे त्यांना ते सांगायला माणूस मिळो, पसरलेला पदर कुणाचा रिकामा न राहो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आटपली, फळाला आली, पुरी झाली.