आनशीमायचं उघडं जस्त

कातळवेळच्या किनाऱ्याला पहिली मोटार कधी आली ते आज कुणालाच सांगता येत नाही. ज्यांनी ती पाहिली ते सगळे गेले. मोटार होडीच्या मागे लटकायची आणि तिचा पाण्यात बुडणारा पाय अल्युमिनियमचा, म्हणजे गावच्या बोलीत जर्मनचा असायचा.

त्या काळी गावात आनशी तारी नावाची बाई होती. तिच्या नवऱ्याची मोटार भर समुद्रात बंद पडली. आठ दिवसांनी होडी किनाऱ्याला लागली, ती रिकामी. आनशीने मोटारीवरून हात फिरवला तर बोटांना पांढरी भुकटी लागली, धातूला टाचणीएवढी भोकं दिसली. असली भोकं तिने चुलीजवळ पाहिली होती. जर्मनच्या टोपात खारवलेले बांगडे ठेवले की टोपाचं असंच होतं. आता तिचा एकुलता एक मुलगा जयवंत तीच मोटार घेऊन जाणार होता.

म्हणून ती रोज संध्याकाळी डोंगराकडच्या विहिरीचं गोडं पाणी आणून मोटार धुवायची. चिकटलेल्या शिंपल्या बांबूच्या चिपेने काढायची. मग तिने बॅटरीचे संपलेले सेल जमवले, त्यांचं जस्ताचं कवच वितळवून गोळा केला आणि मोटारीच्या पायाला घट्ट आवळला. महिनाभरात गोळा कुरतडल्यासारखा झाला, मोटार मात्र स्वच्छ राहिली. मिठाने जस्त खाल्लं आणि जर्मन सोडलं. हे तिला समुद्राने स्वप्नात येऊन सांगितलं, असं म्हणतात. बाईने स्वतः शोधलं, असं कुणी म्हणत नाही.

बंदरावर बसलेले पुरुष हसायचे. "आनशे, मोटार काय बाळंतीण असा, तिका रोज न्हाणूक?"

"तुमका घराक कोण घेवन येता? तीच ना? मगे न्हाणा तिका," ती म्हणायची.

उन्हाळ्यात गावकराने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, विहिरीच्या रहाटाला कुलूप लावलं. "माणसांक पाणी पुरना नाय, आणि तू यंत्राक पाजतस?" त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली तरी आनशीसाठी कुलूप निघालं नाही. घरटी वाटणीचं जे पाणी दारात यायचं, ते ती मोटारीवर ओतायची आणि स्वतः घोटभर प्यायची.

आश्विनात चौदा होड्या समुद्रात असताना वादळ उठलं. तेरा मोटारी खोकल्या आणि गप्प झाल्या. जयवंतची मोटार पहिल्या ओढीला सुरू झाली. त्याने तेरा होड्या एका दोराला बांधून ओढत आणल्या. दोर केसाएवढा बारीक झाला तरी तुटला नाही, असं म्हणतात. आनशी सकाळपासून छातीभर पाण्यात उभी होती. समुद्राने होड्या सोडल्या आणि तिला खाल्लं, असं म्हणतात. दिवस मावळताना जयवंतने तिला उचललं तेव्हा तिच्या अंगावर बोटभर मिठाचा थर होता.

तिने पाणी मागितलं. घरातलं पाणी आदल्या संध्याकाळीच मोटारीवर गेलं होतं. वाचलेल्या होड्यांत गावकराचीही होडी होती. तो धावत घरी गेला आणि रहाटाची किल्ली शोधत राहिला.

"जस्त उघडां ठेवा," ती जयवंतला आणि भोवती जमलेल्यांना म्हणाली. "तेका कायच फासू नका."

किल्ली सापडली तोवर ती गेली होती.

आज बंदरावर आनशीमायची घुमटी आहे आणि गावातल्या प्रत्येक मोटारीला जस्ताचा गोळा आहे. नारळी पौर्णिमेला सगळं गाव तिथे जमतं आणि तिच्या दगडावर गोड्या पाण्याचे चौदा हंडे ओततं. मोटारींवर एक थेंबही पडत नाही. मग प्रत्येक मोटारीच्या जस्ताला तिच्या नावाने तेलात कालवलेला शेंदूर फासतात, जाडसर, कुठेही उघडं न ठेवता.

शेंदराखाली जस्त नवंकोरं राहतं. मोटार पांढरी पडते, तिला भोकं पडतात. आनशीमाय कोपली, असं म्हणतात, आणि शेंदराचा आणखी एक हात देतात.