शंखुलीचं पान गेलं तळाला

ऐका हं, माळाखालच्या तळ्यातली गोष्ट.

त्या तळ्यात होती एक गोगलगाय. एवढीशी. मुगाच्या दाण्याएवढी. तिचं नाव शंखुली.

शंखुलीचं एक पान होतं. कमळाचं पान. हिरवं हिरवं, गोल गोल. शंखुली त्याच्यावर झोपायची. ऊन आलं की त्याच्याखाली लपायची. भूक लागली की त्याची कड खायची. पान कधी रागवायचं नाही. एवढंच म्हणायचं, "शंखुले, कड खा हो. देठ नको खाऊ."

पण देठ होता गोड!

एक दिवस शंखुलीने देठाचा एक घास खाल्ला. कुरुम. मग आणखी एक. कुरुम कुरुम. एकदा चव लागली की जीभ थोडीच ऐकते? तुमची ऐकते का, लाडू समोर असला की?

कुरुम कुरुम कुरुम... कट्!

देठ तुटला. पान पिवळं पडलं. मग तपकिरी झालं. शंखुलीने कड खाऊन पाहिली. शी! कडू कडू.

शंखुली घाबरली. पान निघून गेलं तर? तिने काय केलं, आपल्या चिकट चिकट लाळेने पान लव्हाळ्याच्या काडीला चिकटवून टाकलं. आणि रडत बसली. "मी का खाल्ला देठ? मी का खाल्ला?"

पण तुटलेला देठ रडून जुळतो का? नाही जुळत.

वरून ऊन तापलं. पोटात भूक लागली. नवं पान हवं. नाही तर शंखुली जगायची कशी?

शंखुली निघाली. लुटु लुटु, लुटु लुटु. तळाशी कंदआजोबा राहायचे. कमळाची सगळी पानं त्यांच्यातूनच उगवायची.

"कंदआजोबा, कंदआजोबा, नवं पान द्या ना.
पान मिळेल, तर शंखुली हसेल."

कंदआजोबा म्हणाले, "कसं देऊ पोरी? माझ्या पोटात काही नाही. गाळकाकू खाऊ देईल, तर मी पान देईन."

लुटु लुटु, लुटु लुटु. गाळकाकू काळी काळी, मऊ मऊ. बसली होती बुडबुडे सोडत. बुड् बुड्, बुड् बुड्.

"गाळकाकू, गाळकाकू, खाऊ दे ना.
खाऊ मिळेल, तर कंदआजोबा पान देतील.
पान मिळेल, तर शंखुली हसेल."

गाळकाकू म्हणाली, "कुठून देऊ बाई? माझे डबे रिकामे. पाणकिडे चुरा देतील, तर मी खाऊ देईन."

लुटु लुटु, लुटु लुटु. पाणकिडे दगडाखाली बसले होते. दात घासत होते. कुटुर कुटुर.

"पाणकिडेदादा, पाणकिडेदादा, चुरा द्या ना.
चुरा मिळेल, तर गाळकाकू खाऊ देईल.
खाऊ मिळेल, तर कंदआजोबा पान देतील.
पान मिळेल, तर शंखुली हसेल."

पाणकिडे म्हणाले, "चुरा कशाचा? तुझ्या त्या जुन्या पानाचा? अगं, दात मोडतील आमचे! बुरशीमावशी पान मऊ करील, तर आम्ही चुरा देऊ."

लुटु लुटु, लुटु लुटु. बुरशीमावशी पांढरी पांढरी, कापसाच्या धाग्यासारखी. एका काटकीवर पडून होती.

"बुरशीमावशी, बुरशीमावशी, पान मऊ कर ना.
पान मऊ होईल, तर पाणकिडे चुरा देतील.
चुरा मिळेल, तर गाळकाकू खाऊ देईल.
खाऊ मिळेल, तर कंदआजोबा पान देतील.
पान मिळेल, तर शंखुली हसेल."

बुरशीमावशी म्हणाली, "माझा जीव गुदमरतोय गं. पाणी किती दिवसांत हललं नाही. वारामामा पाण्यात हवा घालील, तर मी पान मऊ करीन."

लुटु लुटु, लुटु लुटु. शंखुली लव्हाळ्यावर चढली. वर, वर, अगदी शेंड्यावर. तिथे वारामामा झुलत होता.

"वारामामा, वारामामा, पाण्यात हवा घाल ना.
हवा मिळेल, तर बुरशीमावशी पान मऊ करील.
पान मऊ होईल, तर पाणकिडे चुरा देतील.
चुरा मिळेल, तर गाळकाकू खाऊ देईल.
खाऊ मिळेल, तर कंदआजोबा पान देतील.
पान मिळेल, तर शंखुली हसेल."

वारामामा म्हणाला, "घालीन की! पण मी वाहिलो तर तुझं जुनं पान बुडेल. मग मला बोल लावशील. पान हो म्हणेल, तर मी वाहीन."

शंखुली खाली उतरली. लुटु... लुटु... लुटु... लुटु... आता तिला भरभर जाववेना. जुनं पान तिथेच होतं. वाळलेलं, सुरकुतलेलं.

"पाना, पाना, हो म्हण ना.
तू हो म्हणशील, तर वारामामा हवा घालील.
हवा मिळेल, तर बुरशीमावशी पान मऊ करील.
पान मऊ होईल, तर पाणकिडे चुरा देतील.
चुरा मिळेल, तर गाळकाकू खाऊ देईल.
खाऊ मिळेल, तर कंदआजोबा पान देतील.
पान मिळेल, तर..."

शंखुली थांबली.

पान म्हणालं, "मी हो म्हणेन, शंखुले. पण तूच मला चिकटवून ठेवलंस. तू सोडशील, तर मी जाईन."

"तू परत येशील?"

"नाही गं."

"मी देठ खाल्ला. माझं चुकलं."

"हो, चुकलं," पान म्हणालं. "दुखलं मला. पण माझा राग नाही तुझ्यावर."

शंखुलीने चिकट लाळ कुरतडली. कुरुम. थोडी थांबली. कुरुम.

पान सुटलं!

मग पान म्हणालं, "हो." वारामामा वाहिला, सूं सूं, सूं सूं. पाण्यात हवा गेली. पान डोललं, भिजलं, खाली खाली गेलं. थप्प! बुरशीमावशीने पान मऊ केलं. पाणकिड्यांनी चुरा दिला, कुटुर कुटुर. गाळकाकूने खाऊ दिला, बुड् बुड्. कंदआजोबा पोटभर जेवले.

लगेच झालं का हे सगळं? छे! किती ऊन आलं, किती ऊन गेलं. शंखुली दगडावरचं शेवाळ चाटत, कसेबसे दिवस काढत वाट बघत बसली.

आणि एक दिवस... टुक्! पाण्यावर नवं पान आलं. गुंडाळी सुटली. हिरवं हिरवं, गोल गोल.

शंखुली धावली. लुटुलुटुलुटु! "पाना, पाना!"

नवं पान म्हणालं, "कोण गं तू?"

शंखुलीचे डोळे भरून आले. जुनं पान तिला नावाने हाक मारायचं.

"मी शंखुली," ती हळूच म्हणाली.

"ये ना मग. ऊन किती आहे! भूक लागलीय का? घे, माझी कड खा."

शंखुली पानाखाली शिरली. तिने कडेचा एकच घास खाल्ला. आणि मग ती खूप वेळ रडली. नवं पान तिच्यावर सावली धरून राहिलं.

तळ्याचं पाणी निवळलं, माझं सांगणं संपलं.