चिंगीचा दाणा आणि बारा खुणा

मंगळवार. सकाळचे साडेसहा. व्यायामशाळेची मागची खोली. चिंगी चिचुंद्रीचा शेंगदाणा निसटला.

गडगड गडगड गेला. धावायच्या मशीनकडे गेला. पट्ट्याखाली जाऊन अडकला. एकच दाणा. तोच चिंगीचा नाश्ता!

चिंगी म्हणाली, "पट्टेदादा, पट्टेदादा, सरका ना! दाणा मिळेना!"

पट्टा गुरगुरला. "मी सरकू? असा कोरडाठाक? आधी तेल येऊ दे. मग सरकेन."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कपाटाच्या फटीतून तेलाची बाटली दिसली.

"बाटलीताई, बाटलीताई, ये ना! पट्टा सरकेना, दाणा मिळेना!"

बाटली फणकारली. "काय गं नाकाडे, मी काय दारातून आरपार येऊ? आधी कपाट उघडू दे. मग येईन."

"कपाटकाका, कपाटकाका, उघडा ना! बाटली येईना, पट्टा सरकेना, दाणा मिळेना!"

कपाट करकरलं. "कुलूप दिसत नाही? डोळे आहेत की बटणं? किल्ली मिस्त्रीच्या खिशात. आधी मिस्त्री उठू दे. मग उघडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मिस्त्री म्हणजे दगडूमामा. मशीन नीट ठेवायची, हे त्याचं काम. तो काय करत होता? चहा पीत होता. फुर्र, फुर्र.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, उठा ना! कपाट उघडेना, बाटली येईना, पट्टा सरकेना, दाणा मिळेना!"

मिस्त्रीने नाक दाबलं. "लांब हो, वास मारतेस! कुणी सांगितल्याशिवाय मी कधी उठलोय का? आधी साहेब सांगू देत. मग उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ढवळेसाहेब व्यायामशाळेचे मॅनेजर. मोठी खुर्ची. त्याहून मोठं पोट.

"साहेब, साहेब, सांगा ना! मिस्त्री उठेना, कपाट उघडेना, बाटली येईना, पट्टा सरकेना, दाणा मिळेना!"

साहेबांनी मानसुद्धा वळवली नाही. नुसतं बोट दाखवलं. मशीनला एक कार्ड लटकत होतं.

"ते बघ! महिन्याला एकदा तेल. तेल घातलं की एक खूण. बारा महिने, बारा खुणा. मशीन झकास आहे. पट्टा खोटारडा. तू महाखोटारडी!"

चिंगीने शेपटी आपटली. फट्!

"झकास आहे? मग चढा की!"

व्यायामाला आलेल्या मावश्या वळल्या. "हो हो, चढा साहेब! आम्हाला रोज सांगता ना, पळा पळा? आज तुम्ही पळा!"

साहेब चढले. छाती फुगवली. बटण दाबलं. टिक्!

पट्टा किंचाळला. खर्रर्र! खर्रर्र! जागचा हलेना. मग दिला एक हिसका.

धप्प!

साहेब खाली. पाय वर. मावश्या खो खो हसल्या.

"दगडूऽऽ! तेल घाल आधी!" साहेब ओरडले.

मग काय!

साहेबांनी सांगितलं, मिस्त्री उठला.
मिस्त्री उठला, कपाट उघडलं.
कपाट उघडलं, बाटली आली.
बाटली आली, टप टप टप, पट्टा सरकला.
पट्टा सरकला, टुणुक! दाणा बाहेर!

चिंगीने दाणा उचलला. कुटुम कुटुम खाल्ला. खाता खाता तिने बाटलीकडे पाहिलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"बाटलीताई, बारा वेळा तेल घातलं ना? मग तू एवढी भरलेली कशी?"

"मला काय विचारतेस?" बाटली म्हणाली. "माझं झाकण आज पहिल्यांदा उघडलं. याआधी मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता."

"मग खुणा कोणी केल्या?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. मिस्त्रीने कपात पाहिलं. मावश्यांनी दोघांकडे पाहिलं.

बाटली उघडली एकदा. कार्डावर खुणा बारा. खुणा कोणी केल्या, ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.